परशरामअण्णांचा माग थांबला

"आप्पा, उद्या अकरा वाजता माग बंद ठेवायचा."

नागेंद्रनं हे जेवताना सांगितलं आणि परशरामअण्णांच्या हातातला भाकरीचा तुकडा आमटीच्या वाटीवरच थांबला. उद्या मंगळवार. करंट असणार. घरात सूत आहे, अंगात ताप नाही. मग माग बंद कशासाठी?

"का रं? कोण मेलंय?"

"इंटरव्ह्यू हाय माझा, लॅपटॉपवर. पुण्याची पंपाची कंपनी हाय. निपाणीला त्यांचं वर्कशॉप हाय, तिथं सुपरवायझर पायजे त्यास्नी."

"मग दे की इंटरव्ह्यू. माग काय तुझं तोंड धरालाय?"

तोंड नव्हता धरत, पण समोरच्याचे कान धरत होता. मागच्या वेळी बंगळूरच्या एका बाईंनी नागेंद्रचं बोलणं थोडा वेळ ऐकलं आणि विचारलं, "तुम्ही रेल्वे स्टेशनवर आहात का?" हा म्हणाला, घरीच आहे. बाई म्हणाल्या, "मग घरी पोचल्यावर फोन करा." त्यानंतर बाईंनी त्याचा फोन काही उचलला नाही.

नागेंद्र बी.कॉम. झालेला. बेळगावच्या खडेबाजारातल्या साडीच्या दुकानात दिवसभर साड्या उलगडून दाखवायच्या आणि गिऱ्हाईक गेलं की परत घड्या घालायच्या, हे त्याचं काम. बापानं विणायचं आणि पोरानं घडी घालायची, असं किती दिवस चालणार? त्यात अण्णांचा उजवा गुडघा. मागापाशी उभं राहून राहून तो सुजायचा आणि नागेंद्रची आई ताराबाई त्यावर एरंडाचं पान गरम करून बांधायच्या. ते पान नागेंद्रला बघवायचं नाही. चांगली नोकरी लागली की पहिल्यांदा हा माग भंगारात घालायचा आणि आप्पांना खुर्चीत बसवायचं, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. आप्पांना खुर्चीत बसायचंय का, हे मात्र त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"बंद ठेवा की वो एक तासभर," ताराबाई म्हणाल्या. "पोराच्या नोकरीपरास माग मोठा हाय व्हय?"

अण्णांनी भाकरीचा तुकडा शेवटी आमटीत बुडवला. म्हणजे झालं. त्या घरात होकार असाच मिळायचा.

आता नागेंद्रची तयारी काय वर्णावी! त्याच्या मोबाईलमध्ये एक सर होते. अंगात सूट, दात पांढरेशुभ्र. ते रोज सकाळी यशाचे धडे द्यायचे आणि नागेंद्र ते दात घासताना ऐकायचा. मोठी माणसं हळू बोलतात. काहीही होवो, नजर कॅमेऱ्यावर आणि हसू ओठांवर. समोरच्याला अडचण सांगू नका, उत्तर सांगा. मनात पक्कं धरा, मग आजूबाजूचं सगळं आपोआप जुळून येतं. हे सगळं त्याला तोंडपाठ झालं होतं.

यातला पहिलाच धडा अवघड होता. वडगावच्या मागवाल्यांच्या गल्लीत जन्मलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. घरात माग खडखडत असताना "आई, मीठ दे" एवढं म्हणायलाही छातीतनं आवाज काढावा लागतो. नागेंद्रनं हॉटेलात चहा मागितला की शेजारच्या हॉटेलातला पोऱ्याही वळून बघायचा. पण पठ्ठ्यानं महिनाभर हळू बोलायचा सराव केला. ताराबाईंना वाटलं, पोराचा घसा बसलाय. त्या रोज आल्याचा काढा पाजायच्या आणि हा मोठेपणाच्या वाटेवरचा त्रास म्हणून तो गुमान प्यायचा.

मंगळवारी सकाळी त्यानं पांढरास्वच्छ शर्ट घातला. फोनचा आवाज बंद करून तो तांदळाच्या डब्यात ठेवला, म्हणजे बघायचा मोह नको. दारावर कागद चिकटवला, 'कृपया शांतता राखा.' स्वयंपाकघरात लॅपटॉप मांडला आणि बाहेरच्या खोलीचा पसारा दिसू नये म्हणून पाठीमागच्या दाराच्या चौकटीत आईची निळी साडी दोरीवर टांगली. नजर इकडंतिकडं जायला नको म्हणून कॅमेऱ्याच्या शेजारी आईची टिकली चिकटवली. इयरफोन जुना होता, एकाच कानाचा चालत होता. एक कान तर एक कान.

ताराबाईंनी बाहेरच्या खोलीत देवापुढं समई लावली. "इंटरव्ह्यू संपस्तोवर मी देवळातच बसतो बग," असं म्हणून नारळ घेऊन त्या गेल्या. अकराला थोडा वेळ असताना अण्णांनी माग बंद केला आणि हात सोडून उभे राहिले.

"आता मी काय करू?"

"पडा की जरा, आप्पा."

"दिवसा?"

"व्हय, दिवसा. मोठी माणसं विश्रांती घेत्यात."

अण्णांनी मागाशेजारी चटई टाकली. समईच्या बाजूला उशी ठेवली आणि आडवे झाले. माशा तोंडावर बसायला लागल्या, म्हणून चादर डोक्यावरून ओढून घेतली. खोलीत अशी शांतता त्या माणसानं दिवसाउजेडी कधी अनुभवलीच नव्हती. इतक्या वर्षांची राहिलेली झोप दाराशी टपून बसली होती की काय कोण जाणे, पडल्या पडल्या त्यांना गाढ झोप लागली. टेबलफॅनच्या वाऱ्यानं चादर हलत होती, त्यामुळं श्वासानं हलते की वाऱ्यानं, हे सांगायला मार्ग नव्हता.

इथवर सगळं यशाच्या धड्यांप्रमाणं झालं. पण गल्लीचा एक धडा नागेंद्र विसरला होता, आणि तो त्या सुटातल्या सरांना माहीत असायचं कारणच नव्हतं.

गल्लीचा रिवाज असा की कुणी गेलं, तर मयत गल्लीबाहेर पडेपर्यंत एकाही घरातल्या मागाचा धोटा हलवायचा नाही. हे कुणी कुणाला सांगायला जात नाही. शेजारचा माग अवेळी थांबला की चौकशी करायची आणि आपला थांबवायचा. मग त्याच्या पलीकडचा थांबतो, मग त्याच्या पलीकडचा. बातमी भिंतीभिंतीतून गल्लीच्या टोकाला पोचते.

अण्णांच्या भिंतीपलीकडं महादेवअण्णांचा माग. दोघांचं गणपतीपासून गटारीच्या पाण्यावरून बोलणं बंद होतं. बोलणं बंद होतं, ऐकणं नव्हतं. ते दारात आले.

"गुणाक्का, करंट हाय न्हवं?"

समोरच्या गुणाबाई दारात सुताच्या कांड्या भरत बसल्या होत्या. गल्लीत काय चाललंय हे गल्लीच्या आधी त्यांना कळायचं. "हाय की. तुमचाच माग चाललाय की."

"मग त्येचा का थांबलाय?"

"त्येचा म्हंजे कुणाचा?"

"त्येचा गं!" महादेवअण्णांनी भिंतीकडं हात केला. भांडणात नाव घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम होता.

गुणाबाई उठल्या, दारावरचा कागद वाचला, खिडकीतून आत डोकावल्या आणि तोंडावर पदर धरूनच परत आल्या.

"अण्णा, माग बंद करा."

"का गं?"

"उशाला दिवा लावलाय. चादर डोस्क्यावरनं घेतल्या. टांगलेल्या साडीच्या फटीतनं पोरगं दिसलं, पांढरं घालून आत एकटंच बसलंय आणि विंग्रजीत बडबडालंय. धक्का बसलाय बघा त्येला. ताराक्का कुठं दिसंना."

महादेवअण्णा तसेच मागं फिरले. आत गेले आणि माग बंद केला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल डोळ्यांवर होता. "गटारीचं पाणी गेलं असतं तर गेलं असतं की माझ्या दारातनं," एवढंच म्हणाले. मग निपाणीला अण्णांच्या धाकट्या बहिणीला, अंबुबाईंना, फोन लावून कळवलं. अंबुबाईंनी भाच्याला फोनवर फोन केले. तांदळाच्या डब्यात ते कोण ऐकणार?

इकडं लॅपटॉपवर नीलम मॅडम आणि दिग्विजय सर आले होते. मॅडम कंपनीच्या भरतीच्या प्रमुख. सर सगळ्या वर्कशॉपचे प्रमुख, वयस्कर, जाड भुवयांचे.

"नागेंद्र, स्वतःबद्दल सांगा."

नागेंद्रनं हसून, टिकलीकडं बघत, सरावलेल्या आवाजात सांगितलं. दिग्विजय सरांनी कानामागं हात धरला. "काय म्हणतायत ते?"

"कॉमर्सचे पदवीधर आहेत, सर."

"आवाजच येत नाहीये. माइक बिघडलाय का?"

"नाही, सर," नागेंद्र आणखी हळू आवाजात म्हणाला.

तेवढ्यात महादेवअण्णांचा माग थांबल्याचं त्याच्या मोकळ्या कानाला कळलं. मग पलीकडचा थांबला. मग त्याच्या पलीकडचा. बघता बघता सगळी गल्ली चिडीचूप! नागेंद्रच्या अंगावर काटा आला. त्यानं फक्त घरचा माग बंद ठेवायला सांगितला होता आणि इथं सगळी गल्ली त्याच्यासाठी गप्प झाली होती. जुळून येतंय, सगळं जुळून येतंय! त्याचं हसू कानापर्यंत गेलं.

बाहेरच्या खोलीत माणसं एकेक करून येत होती. कागदाचा मान राखून चपला बाहेर काढून, पाय न वाजवता येत होती आणि भिंतीला टेकून बसत होती. रडणारेही तोंडात पदर धरून रडत होते. नागेंद्रला मागून हुंदक्यासारखं काहीतरी ऐकू आलं. आई आली असेल, पोराचं इंग्रजी ऐकून तिला भरून आलं असेल, असं समजून तो आणखी दोन इंग्रजी वाक्यं बोलला.

गुणाबाई ताराबाईंना शोधत आतल्या दाराशी आल्या आणि त्यांनी साडी बाजूला सारली. दोरीचा खिळा निघाला. साडी खाली आली.

नीलम मॅडमचा चेहरा बदलला. "नागेंद्र, तुमच्या मागे..."

अडचण सांगू नका, उत्तर सांगा! "मॅडम, मागचं सोडून पुढं बघायचं, हा माझा स्वभाव आहे."

"नाही, पण तिथं कुणीतरी झोपलंय का?"

"झोपलेलं नाही, नीलम," दिग्विजय सर हळूच म्हणाले. "उशाला दिवा बघ." मग घसा साफ करून त्यांनी मोठ्यानं विचारलं, "ते कोण आहेत, नागेंद्र?"

साडी थोडी सरकली असेल आणि आप्पा दिसले असतील, असं नागेंद्रला वाटलं. मागं वळून बघायची सोय नव्हती, नजर टिकलीवर होती. "ते माझे वडील, सर. आज खास माझ्यासाठी त्यांनी काम थांबवलं." आणि सगळे दात दाखवत त्यानं पुढं जोडलं, "कायमचंच थांबवावं, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे."

नीलम मॅडमनी तोंडावर हात ठेवला.

याच वेळी ताराबाई देवळातून निघाल्या होत्या. देवाचा कौल चांगला लागला होता, म्हणून पायात जोर होता. गल्लीच्या तोंडाशी आल्या आणि थबकल्या. एकही माग वाजत नव्हता. त्या गल्लीत सून म्हणून आल्यापासून अशा शांततेचा अर्थ त्यांना पक्का ठाऊक होता. कुणाचं घर म्हणून त्या दारं बघत आल्या आणि चपलांचा ढीग त्यांना स्वतःच्या दारात दिसला. हसण्यासारखं बरंच झालं त्या दिवशी, पण ताराबाई त्या दारातून आत आल्या ते हसण्यासारखं नव्हतं. बायका वाट देत बाजूला झाल्या. चादर, उशी, आपणच लावलेली समई.

"अहो!"

हाक मोठी नव्हती. पण ती ऐकून नागेंद्रची टिकलीवरची नजर हलली. धडे गेले खड्ड्यात. आई अशी कधी हाक मारत नाही. तो वळला. बघतो तर घरभर माणसं, आई भिंतीला धरून उभी आणि आप्पा चादरीखाली. मी झोपवलं यांना. मीच माग बंद करायला लावला. महिनाभर घशात कोंबून ठेवलेला मागवाल्यांच्या गल्लीतला अस्सल आवाज एकदम बाहेर आला.

"आप्पाऽऽऽ!"

चादर उडाली. परशरामअण्णा ताडकन उठून बसले.

"करंट आला काय रं?"

मग जो गोंधळ झाला! गुणाबाई किंचाळून मागाच्या पलीकडं गेल्या. भिंतीकडेची माणसं एकमेकांच्या अंगावर पडली. एक बाई तर रडतच होती. तिला थांब म्हणून सांगायला कुणाला भान नव्हतं. महादेवअण्णांनी टॉवेल फेकला आणि अण्णांचे दोन्ही खांदे धरले.

"परशा! जित्ता हायेस व्हय रं मेल्या?"

"तू माझ्यासंगं बोलाल्यास?" अण्णा डोळे चोळत म्हणाले.

"मग काय करू? रडून झालंय की माझं!"

ताराबाई मटकन खाली बसल्या. आधी रडल्या, मग हसल्या, मग चिडल्या. "चादर डोस्क्यावरनं घ्यायची काय गरज हुती वो तुमास्नी?"

"माशा हुत्या गं."

नागेंद्र बापाचा हात धरून बसला होता. हात गरम होता, खरखरीत होता आणि त्याला तो सोडवत नव्हता. शेवटी अण्णांनीच लॅपटॉपकडं बोट केलं. "ती बाई आजून बघालीय रं तुझ्याकडं."

नागेंद्र जाऊन खुर्चीत बसला. नोकरी तर गेलीच, आता हळू बोलून काय करायचं? नाक शर्टाच्या बाहीला पुसून तो त्याच्या नेहमीच्या आवाजात बोलला, "सर, मॅडम, माफ करा. आवाज नको म्हणून मी घरचा माग बंद केला. आमच्या गल्लीत माणूस गेलं तरच माग बंद पडतो. गल्लीला वाटलं आप्पा गेले. मलापण वाटलं. आता इंटरव्ह्यू द्यायच्या अवस्थेत मी नाही."

"परत म्हणा," दिग्विजय सर म्हणाले.

"माफ करा म्हटलं, सर."

"नीलम, मला ऐकू आलं!" सर खुर्चीत पुढं सरकले. "अख्ख्या इंटरव्ह्यूत पहिल्यांदा ऐकू आलं! अहो, पंपांमध्ये राहून माझे कान गेलेत. निपाणीच्या वर्कशॉपात एकाच वेळी इतके पंप तपासायला चालू असतात की आधीच्या सुपरवायझरचं बोलणं कुणाला ऐकूच जायचं नाही. फार हळू बोलायचे बिचारे. जरा तो माग चालू करायला सांगा."

"आत्ता, सर?"

"आत्ता."

अण्णांनी माग चालू केला. तो ऐकून महादेवअण्णा पळत घरी गेले आणि त्यांनीही चालू केला. मग पलीकडचा, मग त्याच्या पलीकडचा. गल्ली पूर्वीसारखी खडखडायला लागली.

"आता मला सांगा," सर पडद्यावरून ओरडले, "चार नंबरचा पंप बंद करा!"

"चार नंबरचा बंद कराऽऽ!" नागेंद्र गरजला.

बाहेरच्या खोलीतला माग थांबला. "आता परत कशाला बंद करायचा रं?" अण्णा वैतागून ओरडले. "आनी कुणाला मारालास?"

दिग्विजय सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. "बाकीचं नीलम कळवेल," ते म्हणाले. नीलम मॅडमनी डोळे पुसत मान हलवली.

सगळं निस्तरलं, असं वाटत असतानाच दुपारी गल्लीच्या तोंडाशी नवा गलका झाला. निपाणीहून अंबुबाई आल्या होत्या. कोल्हापूरहून आलेल्या बेळगाव गाडीत त्या अशा रडल्या होत्या की अर्धी गाडी त्यांच्याबरोबर रडली होती आणि कंडक्टरनं त्यांना स्वतःच्या बाटलीतलं पाणी पाजलं होतं. हातात झेंडूचा भला मोठा हार घेऊन त्या गल्लीत शिरल्या आणि बघतात तर प्रत्येक घरात माग चालू.

"लाजा न्हाईत व्हय रं तुमास्नी? माझ्या भावाची माती आजून उठली न्हाय आणि माग चालू केलासा?"

दर दाराशी थांबून त्यांनी त्या घराचा उद्धार केला. मागांच्या आवाजात कुणाला त्यातलं काही ऐकू गेलं नाही. अशा त्या भावाच्या दारात आल्या आणि भाऊ मागापाशी उभा!

"अंबू? तू कशी काय आलीस गं आज?"

अंबुबाईंनी आधी त्याच्या पाठीत एक जोराचा धपाटा घातला आणि मग त्याच पाठीवर डोकं टेकून रडल्या. रडून झाल्यावर हाराचा प्रश्न आला. मेलेल्यासाठी आणलेला हार जित्त्या माणसाला घालायचा नाही आणि एवढा ताजा हार टाकवतही नाही. ताराबाईंनी तो घेतला आणि खंडेनवमीच्या पूजेला घालतात तसा मागाला घातला. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

नागेंद्र आता निपाणीला असतो, आत्याच्या घरी राहतो आणि वर्कशॉपात पंपांवर ओरडतो. सुटातल्या सरांना त्यानं सोडलं. माग भंगारात घालायची भाषा त्यानं परत काढली नाही; पहिल्या पगारातून अण्णांना मागापाशी बसून काम करता येईल असं एक उंच स्टूल मात्र आणून दिलं. अण्णा त्यावर बसतात आणि बसल्याचं महादेवअण्णांना भिंतीतून ओरडून सांगतात.

गल्लीत एक नवा रिवाज पडलाय. सूत तुटून, धोटा अडकून अण्णांचा माग जरा थांबला की ते आधी दारात येऊन ओरडतात, "हाय गा, हाय! जित्ता हाय!" आणि मग सूत जोडायला आत जातात.

परवा दुपारच्या सुट्टीत नागेंद्रनं घरी फोन लावला. तो आता आधी काही बोलत नाही, आईच्या आवाजामागं माग वाजतोय का ते ऐकून घेतो. त्या दिवशी फोन उचलला गेला आणि पलीकडं काहीच वाजत नव्हतं. नागेंद्रच्या हातातला डबा तसाच राहिला.

"आई?" तो ओरडला. वर्कशॉपातली सगळी माणसं वळून बघायला लागली. "आई, माग का थांबलाय?"

पलीकडून आईच्या आधी आप्पांचाच आवाज आला. तो इतका मोठा होता की निपाणीला फोन नसता तरी ऐकू गेला असता.

"करंट गेलाय रं बाबा! जेव तू!"